समोरचा ऐकत नाही तेव्हा : राजारामपुरीतील स्वसंरक्षण वर्गातले १२ आठवडे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या मोकळ्या हॉलमध्ये, आठवड्यातून ३ संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत भरणाऱ्या स्वसंरक्षण वर्गाला मी आणि माझी १७ वर्षांची मुलगी सलग १२ आठवडे गेलो. शुल्क प्रत्येकी ४,५०० रुपये होते. हातमोजे, हेडगार्ड आणि नडग्यांचे पॅड वर्गाकडून मिळतात, माउथगार्ड मात्र स्वतःचे घ्यावे लागते. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे एका प्रसंगाबद्दल तक्रार लिहिली आहे आणि ती मी चालकांना समोरासमोर आधीच सांगितलेली आहे. शहरात असे वर्ग आता ठिकठिकाणी दिसतात. मुलामुलींना त्यांपैकी एखाद्यात घालताना नेमके काय तपासावे हे पालकांना कळावे, यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

महाविद्यालयात असताना मी ४ वर्षे कराटे शिकले आणि ब्लॅक बेल्टपर्यंत पोहोचले. त्या वर्गात समोरची मुलगी एक पाऊल पुढे टाकून ठरलेल्या उंचीवर ठोसा मारत असे, हात तिथेच ताणून धरत असे, आणि मी तो अडवून माझे तीन प्रतिहल्ले पूर्ण करेपर्यंत जागची हलत नसे. शिस्त, श्वासावरचा ताबा, रोज वेळेवर सरावाला उभे राहण्याची सवय हे सगळे मला तिथे मिळाले आणि त्याचे ऋण मी मानते. पण ७ वर्षांपूर्वी मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर पहाटेच्या वेळी एका माणसाने माझ्या खांद्यावरची पर्स ओढली, तेव्हा त्या ४ वर्षांतले काहीही माझ्या कामी आले नाही. त्याने ठोसा मारलाच नाही. तो बाजूने आला, एका हाताने पर्स ओढता ओढता दुसऱ्या हाताने त्याने मला ढकलले, मी पायरीवर पडले आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर असलेल्या दीड महिन्यात मी पुन्हा पुन्हा याच गोष्टीचा विचार केला. मी शिकलेले डाव खोटे नव्हते; ते ज्या माणसावर शिकले त्याची ते होऊ द्यायला आधीपासूनच संमती होती.

या वर्गात पहिल्याच संध्याकाळी त्या विचाराला उत्तर मिळाले. येथे दोन शिक्षक आहेत. एकांचे सारे लहानपण तालमीत गेले आहे आणि त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. दुसऱ्या ज्युदो आणि बॉक्सिंग खेळलेल्या आहेत, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. वस्तादांनी माझे मनगट धरले आणि सोडवून दाखवायला सांगितले. मी अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून हिसका दिला आणि हात सुटला. त्यांनी पुन्हा धरले. या वेळी माझा हात फिरू लागताच ते पाऊल टाकून आत आले, त्यांचा दुसरा हात माझ्या खांद्यावर पडला आणि मी भिंतीला टेकले. "ताई, मनगट धरणारा मनगट धरून गप उभा ऱ्हात नसतोय. त्यो तुम्हाला कुठंतरी न्यायला धरतोय," असे ते म्हणाले. पुढचा तासभर त्यांनी मनगटाबद्दल एक शब्दही काढला नाही. आमच्याकडून पाय, कंबर आणि तोल यांचेच काम करून घेतले, कारण ओढून नेणाऱ्याला रोखायचे असेल तर ते तिथूनच रोखता येते.

शिकवण्याची पद्धत अशी आहे. नवा डाव शांत उभ्या असलेल्या जोडीदारावर फक्त पाच-सात मिनिटे करून पाहायचा. त्यानंतर जोडीदार चौथाई ताकदीने विरोध करतो, मग निम्म्या, आणि दोन-तीन आठवड्यांनंतर पूर्ण. यातला सर्वांत उपयोगी भाग मला मर्यादित लक्ष्याच्या लढतींचा वाटला. एकीने दारापर्यंत पोहोचायचे, दुसरीने तिला पोहोचू द्यायचे नाही. एकीने जमिनीवर पडलेल्या स्थितीतून उठून उभे राहायचे, दुसरीने तिला दाबून ठेवायचे. डाव कोणता वापरायचा ते कोणी सांगत नाही. अशा २ मिनिटांच्या आठ-दहा फेऱ्या झाल्या की कोणता डाव आपल्या उंचीला, वजनाला आणि वयाला जमतो हे शिक्षकांना सांगावे लागत नाही, ते आपले आपल्याला कळते. माझ्या बाबतीत उंच लाथा पहिल्याच आठवड्यात बाद झाल्या. कोपर, गुडघा आणि समोरच्याच्या मानेवरची पकड टिकली.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ही पद्धत परकी वाटू नये. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींच्या लाल मातीत सराव चालतो तेव्हा समोरचा जोडीदार कधीही आपण होऊन पाठीवर पडत नाही. ढाक, कलाजंग किंवा एकेरी पट यांपैकी कोणता डाव आपल्याला साधतो आणि कोणता नुसताच ठाऊक आहे, हे पैलवानाला रोज समजते, कारण तो होऊ न देण्यासाठी दुसरा एक पैलवान तितकीच मेहनत घेत असतो. कुस्तीच्या सुरुवातीची खडाखडी, म्हणजे एकमेकांचे हात-मान धरून चाललेली ओढाताण, बाहेरून पाहणाऱ्याला वेळकाढूपणा वाटतो, पण समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे आणि तो कुठे ओढला की कुठे झुकतो, ही सगळी माहिती त्या खडाखडीतच हाताला लागते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि खासबाग मैदान उभारले, त्या परंपरेचा हा गाभा आहे आणि स्वसंरक्षण शिकवणाऱ्या वर्गांनी तो फारसा उचललेला नाही, याची मला खंत वाटते.

मात्र विरोध करणारा जोडीदार मिळाला की सगळे मिळाले, असेही नाही. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी, याच मातीत तयार झालेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, कारण मॅटवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्या सवयीचे नव्हते. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, ते त्या मॅटची आणि नियमांची सवय करून घेतल्यानंतर. इतक्या कसलेल्या मल्लालाही पायाखालची जमीन बदलल्यावर वेगळी तयारी करावी लागली, हे बसस्थानकाच्या पायऱ्यांवर पडल्यापासून मला फार जवळचे वाटते.

मॅडमनी एका संध्याकाळी ज्युदोचा इतिहास सांगितला, तोही विरोध करणाऱ्या जोडीदाराच्या मुद्द्याशी जोडून. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत आपली शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले ठोसे, लाथा आणि इजा करणारे प्रकार त्यांनी मोकळ्या लढतीतून, म्हणजे रांदोरीतून, काढून कातांपुरते, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींच्या सरावापुरते, ठेवले. त्यामुळे कला बोथट होईल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात उरलेले फेक आणि पकडीचे डाव पूर्ण विरोध करणाऱ्या माणसावर रोज, पूर्ण जोराने आजमावता येऊ लागले आणि त्यांना धार आली. याच शाळेतल्या मित्सुयो माएदा यांनी ब्राझीलमध्ये ग्रेसी कुटुंबाला हा सराव शिकवला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे वेगवेगळ्या पद्धतींच्या लढवय्यांची स्पर्धा झाली, तीत त्याच कुटुंबातल्या रॉयस ग्रेसी यांनी एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण यायला लावले. डोळ्यांत बोटे घालण्याचा किंवा गळ्यावर घाव घालण्याचा 'प्राणघातक' डाव शिकवतो असे सांगणाऱ्या वर्गाला म्हणूनच एक प्रश्न विचारावा : हा डाव तुमच्या विद्यार्थ्यांनी विरोध करणाऱ्या माणसावर किती वेळा करून पाहिला आहे? त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे लागते की डेन्व्हरच्या त्या लढतींत समोर एकच माणूस होता, त्याच्या हातात शस्त्र नव्हते आणि लढत थांबवायला पंच होता.

शस्त्राचा प्रश्न या वर्गाने ज्या रीतीने हाताळला आहे, त्यासाठी मी त्यांना मनापासून दाद देते. पाचव्या आठवड्यात सर्वांना जुने पांढरे शर्ट घालून बोलावले होते. रबरी चाकूच्या धारेवर ओला कपडा फिरवून तिला गुलाल लावला आणि २ मिनिटांची फेरी सुरू झाली. फेरी संपली तेव्हा माझ्या शर्टावर गुलालाचे ११ पट्टे होते, त्यांतले दोन गळ्याजवळ. मुलीच्या शर्टावर १४ होते. जोतिबाच्या यात्रेत ज्या गुलालाने आनंद होतो, तोच त्या दिवशी छातीवर पाहून हॉलमधले सगळेजण बराच वेळ गप्प होते. चाकूधारी माणूस एकदा भोसकून हात पुढे ताणून थांबतो, असे गृहीत धरून मनगट पिरगळण्याचे जे डाव मी पूर्वी शिकले होते, त्यांतला एकही त्या फेरीत उभा राहिला नाही. चाकू शिवणयंत्राच्या सुईसारखा आत-बाहेर होत राहतो आणि दुसऱ्या हाताने समोरचा आपल्याला धरून ठेवतो.

त्यानंतर वस्तादांनी स्टॉपवॉच काढले. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली मांडले होते की २१ फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर, एवढे अंतर धडधाकट माणूस साधारण दीड सेकंदात कापतो. आमच्या हॉलची रुंदी जवळजवळ तेवढीच आहे. माझ्या मुलीला पावणेदोन सेकंद लागले, आणि तेवढ्या वेळात मला खांद्यावरची पिशवी धड खाली उतरवताही आली नाही. यावरून वर्गात जे शिकवले जाते ते अगदी साधे आहे : पैसे किंवा पर्स मागत असेल तर देऊन टाकायची, अंतर वाढवायचे, मध्ये खुर्ची किंवा पिशवी आणायची, पळायचे, आणि पळण्याची वाटच नसेल तर चाकूच्या हाताचा दंड दोन्ही हातांनी आपल्या अंगाशी कवटाळून सोडायचा नाही. चाकू हिसकावून घेण्याचा दिमाखदार प्रकार त्यांनी शिकवला नाही. तो का शिकवत नाही, हे विचारणाऱ्या एका मुलाच्या हातात त्यांनी गुलालाचा डबा दिला आणि तीन फेऱ्या करून पाहायला सांगितल्या.

आठव्या आठवड्यापासून 'प्रसंग' सुरू होतात. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन रांगांत मांडून एसटीतली मधली वाट तयार केली जाते, दिवे मंद केले जातात, पायांत चपला आणि खांद्यावर पिशवी असते, आणि अंगभर पॅड बांधलेला, जाळीचे हेल्मेट घातलेला एक प्रशिक्षित तरुण समोर येतो. तो आल्या आल्या अंगावर धावत नाही. तो पत्ता विचारतो, वेळ विचारतो, ओळख असल्यासारखे बोलतो, हळूहळू जवळ सरकतो. खऱ्या आयुष्यातला धोका पुष्कळदा अशा बोलण्यातूनच सुरू होतो आणि नेमका हाच भाग मी पाहिलेल्या इतर वर्गांत नव्हता. काही प्रसंगांत त्या माणसाला खरोखरच फक्त पत्ता हवा असतो. घाबरून त्याच्यावर हात उगारणारा विद्यार्थी तिथे अनुत्तीर्ण ठरतो आणि त्याला तो प्रसंग पुन्हा करावा लागतो. ही योजना ज्यांना सुचली त्यांनी माणसांच्या वागण्याचा नीट विचार केला आहे.

माझी मुलगी पहिल्या प्रसंगात नुसती उभी राहिली. तोंडातून आवाज फुटला नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली की समोरच्या हेल्मेटखेरीज काहीच दिसत नव्हते आणि माझी हाक तिला ऐकूच आली नव्हती. मॅडमनी तिला रागावण्याऐवजी शेजारी बसवून समजावले की भीतीच्या क्षणी नजर अरुंद होणे, कानांत दडे बसल्यासारखे होणे, बोटे थरथरणे ही शरीराची ठरलेली प्रतिक्रिया आहे आणि तिची ओळख हॉलमध्येच झालेली बरी. प्रसंग संपताच, धाप लागलेली असतानाच, प्रत्येकाला फोनचे लॉक उघडून ११२ हा क्रमांक नुसता टाइप करून दाखवायला सांगत. आमच्यापैकी निम्म्यांना पहिल्या खेपेस ते जमले नाही, म्हणून पॉवर बटणाने आपत्कालीन कॉल लागण्याची सोय आपापल्या फोनमध्ये शोधून सुरू करून ठेवायला लावली. मदत मागतानाही नुसते "वाचवा" ओरडायचे नाही, एका माणसाकडे बोट करून "निळ्या शर्टचे काका, ११२ ला फोन करा" असे सांगायचे, कारण गर्दीला मारलेली हाक कोणालाच आपली वाटत नाही. दहाव्या आठवड्यात मुलीने खुर्च्यांच्या रांगेतून असा आवाज दिला की खालच्या दुकानातले गृहस्थ जिना चढून वर पाहायला आले.

कायद्यावरचे एक सत्रही होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे, आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, हे एका वकिलांनी उदाहरणे देऊन सांगितले. पडलेल्या माणसाला आणखी दोन लाथा मारण्याची सवय सरावात लागली तर ती न्यायालयात महागात पडेल, हे ऐकल्यावर आमच्या फेऱ्यांचा शेवट बदलला आणि समोरचा पडताच दाराकडे पळायचे असे ठरले. या विषयाला ४५ मिनिटे फार अपुरी होती. किमान दोन पूर्ण संध्याकाळी द्यायला हव्यात.

आता उणिवा. सातव्या आठवड्यात एका तरुणाच्या कानशिलावर ठोसा बसला, तो दोन पावले डगमगला, "काही नाही, बरा आहे" म्हणाला आणि त्याला पुढच्या फेरीत उतरू दिले गेले. हे चुकीचे होते आणि मी ते त्याच रात्री वस्तादांना सांगितले. हेडगार्डमुळे भुवई फुटणे किंवा कान फाटणे टळते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. हौशी मुष्टियुद्धात पुरुषांच्या लढतींतून २०१३ साली हेडगार्ड काढून टाकण्यात आले, त्यामागेही हा वाद होता. ज्याच्या डोक्याला मार लागला त्याला स्वतःच्या स्थितीचा निर्णय घेऊ देणे धोक्याचे असते. वस्तादांनी ऐकून घेतले आणि पुढच्या आठवड्यापासून डोक्याला जोराचा मार लागलेल्या विद्यार्थ्याला त्या दिवशी बसवून ठेवण्याचा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लढतीत न घेण्याचा नियम केला. नियम झाला याचा आनंद आहे, पण तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. प्रत्यक्ष झटापटीसारखा सराव हवा म्हणून जोरजोरात मारामारी करणे, हा गैरसमज चांगल्या वर्गांतही शिरू शकतो. समोरच्याचा विरोध खरा असावा लागतो. डोक्यावरच्या ठोशाचा जोर पूर्ण असण्याची गरज नसते.

दुसरी उणीव पॅड बांधलेल्या तरुणाविषयी आहे. प्रत्येक प्रसंगात तोच एक येतो आणि दोन-तीन फटके नीट बसले की ठरल्याप्रमाणे खाली पडतो. अकराव्या आठवड्यापर्यंत आम्हाला त्याची चाल आणि त्याचे पडणे पाठ झाले, म्हणजे कराटेच्या वर्गातली ती ताणून धरलेली मूठ वेगळ्या रूपात परत आली. दोन-तीन वेगवेगळी माणसे आलटून पालटून यावीत, कधी दोघे मिळून यावेत, आणि कधी फटके बसूनही त्याने पडू नये. सगळा सराव ४० मिलिमीटर जाडीच्या मॅटवर चालतो, तोही महिन्यातून एकदा खाली अंगणातल्या फरशीवर, बूट घालून व्हायला हवा. खाशाबांचे उदाहरण वर दिलेच आहे. १८ विद्यार्थ्यांना दोन शिक्षक पुरत नाहीत, आणि मुलींसाठी कपडे बदलायला स्वतंत्र खोली नाही, ही तर तातडीने दूर करण्यासारखी अडचण आहे.

काठीचा भाग मला सर्वांत कच्चा वाटला. शेवटच्या दोन आठवड्यांत लाठी फिरवायला शिकवली, पण समोर कोणी नव्हते. मर्दानी खेळ आपल्या पेठांनी निष्ठेने जपले आहेत. शिवजयंतीला लाठीचे फेर आणि दांडपट्ट्याने लिंबू कापणे पाहताना माझाही ऊर भरून येतो. ते प्रात्यक्षिक आहे आणि त्यामागची मेहनत मोठी आहे. पण याच परंपरेत फरी-गदगाही आहे : एका हातात फरी म्हणजे छोटी ढाल, दुसऱ्या हातात गदगा म्हणजे चामडे मढवलेली काठी, आणि समोर तसाच सज्ज प्रतिस्पर्धी, जो आपला वार चुकवणार आणि उलट वार करणार. जपानमध्ये केंदो या तलवारबाजीच्या खेळासाठी बांबूची तलवार आणि चिलखत ज्या गरजेतून आले, त्याच गरजेतून आपल्याकडे हे साधन तयार झाले. घाव खरा घालता यावा, पण हाड मोडू नये. ज्या शहरात हे शिकवणारी माणसे अजून आहेत, तिथल्या वर्गाने लाठी हवेत फिरवून थांबू नये. मी वस्तादांना हे सुचवले तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीच्या एका आखाड्यातून दोन जोड मागवण्याचे कबूल केले.

मुलीचे नाव मी पुढच्या तुकडीसाठी नोंदवले आहे. मी स्वतः फक्त शनिवारच्या चाकूच्या फेऱ्यांना जाणार आहे. १४ वर्षांखालील मुलांना या वर्गात घालू नये असे माझे मत आहे. त्या वयात तालमीत किंवा ज्युदोत जावे, तिथे विरोधही मिळतो आणि डोक्यावर मारही पडत नाही. ज्यांना गुडघ्याचा किंवा पाठीचा त्रास आहे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगावे, मॅडम त्यांच्यासाठी फेऱ्यांची लक्ष्ये बदलून देतात. शेवटच्या शनिवारी माझ्या शर्टावर गुलालाचे ४ पट्टे होते, मुलीच्या ३. माझ्या चारांपैकी एक मानेवर होता, आणि तो कसा बसला हे समजून घेण्यासाठी वस्ताद वर्ग सुटल्यावर माझ्याबरोबर आणखी अर्धा तास थांबले.